तापलेल्या इंजिनाचे झाकण

उसाचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिवसरात्र धावतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, कोणत्याही कारखान्याची वाट धरा. चढावर वाफा सोडत थांबलेला एखादा ट्रॅक्टर दिसतोच. चालक उतरतो, हाताला फडके गुंडाळतो आणि रेडिएटरचे झाकण फिरवतो. भाजलेला चेहरा आणि छाती घेऊन रुग्णालयात येण्याची ही अगदी हमखास रीत आहे.

उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. बंद रेडिएटरमध्ये दाब असल्याने ते ११५ ते १२० अंशांपर्यंतही पाणीच राहते, कुकरसारखे. झाकण सैल होताच दाब जातो, थोड्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि दीड हजार पटींहून अधिक फुगलेली ती वाफ उरलेले पाणी अंगावर फेकते. ६० अंशांचे पाणी पाच सेकंदांत खोल भाजते. येथे तेवढाही वेळ लागत नाही. फडके तर भिजून हाताला चिकटते आणि अधिकच भाजते.

म्हणून इंजिन बंद करून किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नये, हेडला तडा जातो. मोटार शर्यतीत इंजिनाचे तापमान चढले की पथक चालकाला वेग कमी करायला सांगते, पुढची गाडी निसटली तरी. आपल्याकडे वाहतुकीचा पैसा टनावर मिळतो. थांब म्हणणारे कोणी नसते.

मुळात इंजिन तापते ते जाळीत अडकलेल्या पाचटाने, ढिल्या फॅनबेल्टने आणि बोअरचे क्षारयुक्त पाणी भरल्याने. जाळी रोज झाडावी, कूलंट वापरावे. मात्र बहुतेक कूलंट गोडसर आणि विषारी असते, मूत्रपिंडे निकामी करते. ते शीतपेयाच्या बाटलीत ठेवू नये. फडात मुले असतात.

भाजलेच तर अंगठी, घड्याळ लगेच काढावे आणि वीस मिनिटे साधे वाहते पाणी घ्यावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. फोड फोडू नयेत, स्वच्छ कापडाने सैल झाकावे. डोळ्यांत उडाले असेल तर डोळे धूत राहावे, १०८ ला फोन करावा. चेहरा भाजला असेल तर जखम लहान दिसली तरी रुग्णालय गाठावे, कारण सूज नंतर चढते.

कारखान्यांनी वाहनतळावर वाहत्या पाण्याचा एक नळ ठेवावा आणि इंजिन निववणाऱ्या चालकाचा रांगेतला नंबर जाऊ देऊ नये. दोन्हींचा खर्च नगण्य आहे. हंगामापूर्वी ट्रॅक्टरचे करार होतात, तेव्हाच ही अट त्यात घालता येईल.