पाकशाला : एक जपानी तोंडीलावणें

पावसाळ्यांत पोंभुर्ण्याकडील घरांतून वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी होते. कोंब सोलून, चिरून, पाणी बदलून नीट उकडले म्हणजे त्यांचा कडूपणा जातो. जपानांतहि बांबूचे कोंब आवडीनें खातात. तेथें उकडलेल्या वा तळलेल्या पदार्थांबरोबर लहान वाटींत एक खारट-आंबट रस देतात. घास त्यांत किंचित् बुडवून खावयाचा. भगिनींनीं हा रस अवश्य करून पाहावा.

मात्र विकतच्या बाटलींत पुष्कळदां वाळवलेल्या मासळीचा अर्क असतो. हिरवी खूण पाहिल्यावांचून ती घरांत आणूं नये. तेथील बौद्ध मठांच्या ‘शोजिन’ पाकपद्धतींत मासळी तर नाहींच, पण कांदा-लसूणहि वर्ज्य. आपल्या चातुर्मासाशीं तिचें चांगलें जमेल! मठांत मासळीऐवजीं ‘कोम्बु’ नांवाच्या समुद्रशैवालाचा रस घेतात. ह्याच शैवालाच्या रुचीचें मूळ शोधून किकुनाए इकेदा ह्यांनीं १९०८ सालीं त्यांतून ग्लुटामेट वेगळें काढलें. तें सोया सॉसमध्येंहि असतें, म्हणून शैवालावांचून आपलें अडत नाहीं.

साहित्य (सहाजणांस) : सोया सॉस २ मोठे चमचे, पाणी ४ मोठे चमचे, लिंबाचा रस १ मोठा चमचा, किसलेला गूळ १ लहान चमचा, आल्याचा रस अर्धा लहान चमचा, भाजून कुटलेले तीळ.

कृति : पाणी कोमट करून त्यांत गूळ विरघळवावा व गाळून घ्यावें. त्यांत सोया सॉस मिसळावा. पूर्ण निवाल्यावर लिंबाचा व आल्याचा रस घालावा. गरम असतां घातल्यास लिंबाचा वास उडतो. वाढतेवेळीं वर तीळ पसरावे.

मीठ मुळींच घालूं नये. एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्यें दोन ग्रॅमांहून अधिक मीठ असतें, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसानें दिवसाकांठीं ५ ग्रॅमांहून कमीच मीठ खावें. वरील प्रमाण सहा वाट्यांत वांटल्यास प्रत्येकाच्या वांट्यास एक ग्रॅमाहूनहि थोडें कमी येतें. घरांतील वडील मंडळींस रक्तदाबाचा विकार असल्यास त्यांच्या वाटींत पाणी व लिंबू वाढवावें, आणि त्या दिवशीं पानांत लोणचें-पापड वाढूं नये. सोया सॉसमध्यें बहुधा गहूंहि असतो; तो ज्यांना सोसत नाहीं त्यांनीं जपून असावें.

वास्ते नसतील तेव्हां उकडलेला लाल भोपळा किंवा तांदळाचें धिरडें ह्यांबरोबरहि हा रस चांगला लागतो. तो त्याच दिवशीं संपवावा.