सहा, सहा, सहा, चार



कोलशेतच्या विहारात गेल्या बैठकीला मी माझी दोस्तीवरची कविता वाचली. वाचून संपते न संपते तोच आपल्यातलाच एक गरजला, "यमक? हे बामणी लचांड कुठून आणलंस?" म्हणून हा कागद काळा करतोय.

आधी कडवं ऐका :

डबा एक होता
दोघे जेवणारे
बंद झाली दारे
लग्नादिशी

आता बोटं मोजा. सहा, सहा, सहा, चार. हा अभंग. भुजंगप्रयाताला ओळीत बारा अक्षरं, 'य' गण चारदा, लघुगुरू जागच्या जागी; त्याला पाठशाळा लागते. अभंगात लघू काय नि गुरू काय, 'ग्ना'सुद्धा एकच अक्षर. बोटं आणि कान पुरतात. १४व्या शतकात चोखोबा, सोयराबाई अभंगातच रडले, भांडले. त्यांचा विठोबा मला नको. पण माप आपलं आहे, ते का सोडू?

यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. 'जेवणारे'ला 'दारे' जुळतं. नाद जुळला नि नेमकं तिथंच नातं तुटलं. कोलशेत रोडच्या केमिकल कंपनीत (आता तिथं टॉवर आहेत) तो अकरा वर्षं माझ्या डब्यात जेवला. बहिणीच्या लग्नाला म्हणाला, "तू उद्या ये, निवांत." चौथा चरण दोन अक्षरांनी आखूड, त्याला जोडीदार यमक नाही. त्या वाक्यापुढं मलाही बोलता आलं नव्हतं.

म्हणे मुक्तछंदच विद्रोही. अरे, 'गोलपिठा'चा दणका मलाही बसलाय. पण मराठीत मुक्तछंद रुजवला कवी अनिलांनी, 'भग्नमूर्ती' १९४०ची. तो काय आपल्या वस्तीत जन्मला? आणि वामनदादा कर्डकांची गाणी अक्षर न शिकलेल्या आयांच्या तोंडी बसली ती यमकामुळंच ना? त्यांनाही बामणी म्हणणार काय?

दुसरा म्हणाला, दोस्ती हा विषयच मऊ. बाबा रे, बाबासाहेबांचं 'रिडल्स' उघड, शासनानं १९८७ला छापलंय. समता, स्वातंत्र्य टिकवायला बंधुता हा शब्द अपुरा, बुद्धाचा मैत्री हा शब्दच खरा, असं त्यात लिहिलंय. हे मऊ?

राहिले मास्तर. "'लग्नादिशी' अशुद्ध, 'लग्नादिवशी' कर." मास्तर, मग पाच अक्षरं होतात, चरण मोडतो. शिवाय माझी आय 'दिशी'च म्हणते. बदलणार नाही.