पासवर्ड कुणाच्या मालकीचा?

परवा शनिवारी सकाळी सकाळीच मित्राचा फोन. "पनवेलला येशील का रे? ऑफिसातल्या स्विचचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही." सोमवारी वरच्या मजल्यावर नवीन वीस माणसं बसणार होती, त्यांच्यासाठी नवा व्हीलॅन टाकायचा होता. पासवर्ड माहीत असलेला मुलगा दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलाय, त्याचा नंबर लागत नाही. साहेब तर त्याला वकिलाची नोटीस धाडायच्या गोष्टी करत होते.

गेलो. सिस्कोचा जुना कॅटॅलिस्ट २९६०. कन्सोल केबल लावली, स्पीड ९६०० ठेवला, स्विचची पॉवर काढली आणि पुढचं 'मोड' बटण दाबून धरून परत दिली. दिवा स्थिर हिरवा झाल्यावर बटण सोडलं की स्विच बूटलोडरपाशी थांबतो. तिथे कॉन्फिगच्या फाइलचं नाव बदलायचं आणि बूट करायचं. फाइलच सापडली नाही की बिचारा पासवर्ड विचारणार कुठून? मग आत जाऊन फाइलला जुनं नाव द्यायचं, लोड करायची, नवा पासवर्ड टाकून सेव्ह करायचं. अर्ध्या तासात काम फत्ते.

साहेब चमकले. "म्हणजे कुणीही बटण दाबून आत शिरेल?" हो, शिरेल! म्हणून तर रॅकला कुलूप लावतात. यांचा रॅक पाण्याच्या कूलरशेजारी सताड उघडा.

ही सोय सेटिंगमधून बंद करता येते. पण मग पासवर्ड गेला तर सगळं कॉन्फिग पुसूनच आत जाता येतं. बॅकअप नसेल तर बसा बोंबलत. २००८ साली सॅन फ्रान्सिस्को महापालिकेचा नेटवर्क इंजिनिअर टेरी चाइल्ड्स याने शहराच्या नेटवर्कचे पासवर्ड वरिष्ठांना द्यायला नकार दिला. त्याला अटक झाली, आणि शेवटी तुरुंगात भेटायला आलेल्या महापौरांनाच त्याने ते दिले. २०१० मध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. त्याचं चुकलंच. पण अख्ख्या शहराच्या चाव्या एकाच माणसाच्या डोक्यात राहू कुणी दिल्या?

आणि पासवर्ड एक वेळ परत मिळेल, पण जळालेल्या स्विचला 'मोड' बटणाचा काय उपयोग? फ्लॅशमधली आयओएसची फाइल खराब झाली तर ती एक्समोडेमने कन्सोलवरून चढवता येते. पण १० एमबीच्या फाइलला ९६०० च्या स्पीडने तीन तास लागतात (स्पीड आधी ११५२०० करून घ्या, पाव तासात होतं). पॉवर सप्लायच गेला तर मात्र दुसरा स्विच आणि कॉन्फिगची कॉपी, एवढंच कामाला येतं.

निघताना मित्राने त्या मुलाचा नोकरी सोडतानाचा फॉर्म दाखवला. आयकार्ड, लॅपटॉप, ड्रॉवरची किल्ली... सगळ्यावर टिक. पासवर्डचा रकानाच नव्हता! कुणी विचारलंच नाही, तर तो सांगणार कुणाला? साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. नोटिशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता नवा पासवर्ड सीलबंद पाकिटात, अकाउंट्सच्या कपाटात आहे. कॉन्फिगची कॉपी दुसऱ्या मशीनवर. खर्च? एक पाकीट.

तुमच्या ऑफिसात ते पाकीट कुठे आहे? सोमवारी एकदा विचारून बघा.