भुलीच्या औषधाचे माप कोणाच्या हाती?

औषधांच्या किमतीविषयी आपल्याकडे पुष्कळ वाद झाला. १९७५ च्या हाथी समितीच्या अहवालापासून २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशापर्यंत पुरोगामी चळवळींनी जो प्रश्न लावून धरला, तो मुख्यतः औषध किती रुपयांना विकले जाते हा होता. तो प्रश्न रास्तच होता. परंतु त्या रुपयांच्या मोबदल्यात कुपीमध्ये औषध नेमके किती आहे, आणि ते मोजण्याचे साधन कोणाच्या ताब्यात आहे, हा दुसरा प्रश्न आपण तज्ज्ञांवर सोपवून मोकळे झालो. अर्थशास्त्राच्या माणसाने रसायनशास्त्राच्या अंगणात शिरू नये असा संकेत आहे. तरीही माप हा विषय अर्थशास्त्राचाच आहे, म्हणून हे धाडस.

उदाहरणादाखल लिग्नोकेन घेऊ. दात काढताना, जखमेला टाके घालताना, गळू फोडताना जे भुलीचे इंजेक्शन देतात ते बहुधा हेच. १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन व बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते तयार केले आणि १९४८ मध्ये ते बाजारात आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली आवश्यक औषधांची पहिली यादी केली तीत त्याचा समावेश होता, आणि आज आपल्या राष्ट्रीय यादीतही ते आहे. दोन टक्क्यांच्या द्रावणात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम लिग्नोकेन असावयास हवे. अमेरिकी औषधकोश लेबलावरील आकड्याच्या ९५ ते १०५ टक्के एवढीच मोकळीक देतो.

एवढी काटेकोर मर्यादा का, हे पाहण्यासारखे आहे. अॅड्रिनलिन न मिसळलेले लिग्नोकेन प्रौढ माणसाला शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साडेचार मिलिग्रॅमपर्यंत, आणि एकूण ३०० मिलिग्रॅमच्या आत द्यावे, असा सर्वमान्य दंडक आहे. पन्नास किलो वजनाच्या शेतमजूर स्त्रीला २२५ मिलिग्रॅम, म्हणजे अकरा मिलिलिटरच्या थोडे वर. त्यापलीकडे गेल्यास झटके येतात, हृदयाची गती बिघडते. आता एखाद्या रुग्णालयात वर्षभर कमी ताकदीच्या कुप्या आल्या असे समजा. डॉक्टर अनुभवाने जास्त औषध टोचू लागतो, तो त्याच्या हाताचा सराव होतो. मग एके दिवशी पुऱ्या ताकदीची कुपी येते. हात तोच, मात्रा मात्र दुप्पट. कमी औषधाचा धोका केवळ वेदनेपुरता नाही, तो असा साठत जातो.

आणि ही उणीव सहसा पकडली जात नाही. भूल चढली नाही तर त्याला सबबी तयार असतात. सुई नसेपासून दूर गेली असेल. सूज आणि पू असलेल्या जागी आम्लता वाढते व लिग्नोकेनचा प्रभाव खरोखरच कमी पडतो. रोगी घाबरट असेल, असेही म्हणतात. यांतले प्रत्येक कारण अधूनमधून खरे असते, आणि म्हणूनच खोटे औषध त्यांच्या आड सुखाने लपते. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली दाखवून दिले की, विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक असून घेणाऱ्याला ती कळत नसेल, तर वाईट माल चांगल्या मालाला बाजारातून हुसकून लावतो. त्याने उदाहरण घेतले जुन्या मोटारींचे. मोटार विकत घेणारा निदान महिन्याभराने तरी शहाणा होतो. दंतवैद्याच्या खुर्चीवर कळवळणारा माणूस शेवटपर्यंत होत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणाऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. केंद्र सरकारने २०१४ ते २०१६ या काळात सुमारे ४७ हजार औषधनमुन्यांची देशव्यापी पाहणी करविली. एकंदर नमुन्यांपैकी सुमारे ३ टक्के निकृष्ट ठरले. सरकारी पुरवठ्यातून उचललेल्या नमुन्यांत मात्र हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. ज्याला दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही, त्याच्याच वाट्याला निकृष्ट औषध अधिक, असा या दोन आकड्यांचा अर्थ आहे.

कायद्याने सामान्य माणसाला हक्क दिलेला नाही असे नव्हे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या २६ व्या कलमानुसार कोणीही नागरिक वा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना विकत घेतलेले औषध ठराविक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासणीस देऊ शकते, आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळविण्याचा तिला अधिकार आहे. या कलमाचा उपयोग केलेला गृहस्थ वाचकांपैकी कोणाच्या परिचयाचा आहे काय? प्रयोगशाळा मोजक्या शहरांत, नमुन्यांच्या राशी त्यांच्या दारात, आणि तपासणीचे मुख्य यंत्र द्रवरूप वर्णलेखनाचे. ते अचूक आहे यात वाद नाही. पण त्याला महागडी शुद्ध द्रावके लागतात, नळ्या बदलाव्या लागतात, अखंड वीज आणि मुरलेला तंत्रज्ञ लागतो.

येथे विद्युत्-रसायनाचा मार्ग विचारात घ्यावासा वाटतो. प्रागमध्ये यारोस्लाव हेरोव्हस्की यांनी १९२२ साली पाऱ्याच्या थेंबांवर त्याचा पाया घातला आणि १९५९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. तत्त्व सोपे आहे. द्रावणात विद्युदग्र बुडवून त्यावरचा विद्युद्दाब हळूहळू वाढवीत न्यायचा. विशिष्ट दाबाला औषधाचे रेणू आपले इलेक्ट्रॉन सोडू लागतात आणि प्रवाहाचा आलेख शिखरासारखा उसळतो. शिखराची जागा पदार्थाकडे बोट दाखविते, उंची त्याचे प्रमाण सांगते. दोन टक्क्यांचे इंजेक्शन हजारपट पातळ केले तरी ते मोजता येते, म्हणजे एक थेंब पुरे. मधुमेही माणूस घरी बसून रक्तातील साखर पाहतो ती पट्टी याच विद्येची धाकटी बहीण आहे. २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान्ता बार्बरा येथील संशोधकांनी अशा मापनयंत्राचा आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्याचा खर्च ८० डॉलरांहून कमी होता.

लिग्नोकेन मात्र हट्टी आहे, हे सांगितले पाहिजे. त्याचा जुना भाऊबंद प्रोकेन सहज इलेक्ट्रॉन देतो. लिग्नोकेनला बराच जास्त दाब लागतो, आणि तेथवर पोचता पोचता साध्या विद्युदग्रावर पाण्याचेच विघटन सुरू होते. म्हणून बोरॉन मिसळलेल्या कृत्रिम हिऱ्याचे, किंवा विशेष लेप दिलेल्या कार्बनचे विद्युदग्र वापरतात. कुपीतील पॅराबेन हे परिरक्षक द्रव्यही आपले शिखर दाखविते आणि विद्युदग्र मळवते. अॅड्रिनलिन बरेच आधी, कमी दाबाला प्रकट होते, त्यामुळे ते वेगळे काढता येते. यावर उपाय आहेत: ज्ञात प्रमाणाचे शुद्ध लिग्नोकेन थोडे थोडे घालून तुलना करणे, दर वेळी अग्र स्वच्छ करणे. पण ही शिस्त पाळणारा माणूस हवा. शिवाय हे शिखर कुपी निर्जंतुक आहे की नाही हे सांगत नाही, आणि दुसरे एखादे विष तीत शिरले आहे काय, हेही नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रुग्णांचा बळी घेतला, तो निराळ्या जातीचा गुन्हा होता; त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने ओढलेले ताशेरे आजही वाचण्याजोगे आहेत.

असा निकाल न्यायालयात टिकणार नाही, हा आक्षेप येईलच. टिकू नये. कायदेशीर पुरावा सरकारी विश्लेषकाचाच राहावा. परंतु हजार कुप्यांपैकी कोणत्या वीस त्याच्याकडे पाठवायच्या, हे आज बव्हंशी निरीक्षकाच्या सवडीवर आणि मर्जीवर ठरते. ते जिल्ह्यातल्या चाळणीवर ठरू शकेल. दुसरा आक्षेप असा की कच्चे आकडे बाहेर गेले तर लोक बिथरतील. ही काळजी व्यापाऱ्यांना वाटते हे समजू शकते, पण तीच आरोग्य खात्याला का वाटावी, हे कळत नाही. मला खरी भीती वेगळीच वाटते. यंत्र खरेदी होईल, त्याचे उद्घाटन होईल, आणि ते चालविणारा माणूस अकरा महिन्यांच्या करारावर नेमला जाईल. विद्युदग्र कसे घासावे हे त्याच्या अंगवळणी पडते न पडते तोच त्याची मुदत संपेल.

तालुक्याच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे विभाग आहेत आणि दरवर्षी तेच ते क्षार ओळखण्याचे प्रयोग करून विद्यार्थी बाहेर पडतात. तुलनेसाठी लागणारी प्रमाणित द्रव्ये गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडून मिळतात. जिल्हा नियोजन समितीपुढे ठेवण्याची पहिली मागणी म्हणून एवढे पुरे आहे: जिल्हा रुग्णालयाच्या औषधभांडारात दोन मापनयंत्रे, एक कायम तंत्रज्ञ, जवळच्या महाविद्यालयाशी जोड, आणि दर तिमाहीस आलेल्या प्रत्येक गटातील भुलीच्या औषधाचा मोजलेला आकडा बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर, मराठीत.