कुर्ल्याची तिसरी घंटा

रविवारी दुपारी मुलुंडच्या कालिदासला नाटक बघायचं ठरलं, की कुर्लेकर आधी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघतो. जलद गाड्या धिम्या मार्गावर, त्याही उशिरा, आणि मुलुंड सातवं स्टेशन. तिसरी घंटा होते तेव्हा निम्मं कुटुंब नाहूरच्या आसपास लटकलेलं असतं.

करमणुकीचा कुर्ल्यात दुष्काळ आहे असं मात्र नाही. एलबीएस मार्गावर कल्पना टॉकीजची खूण सांगून आजही पत्ता कळतो. २०११ मध्ये फिनिक्स मार्केटसिटी उघडलं. तिथे मल्टिप्लेक्स आहे, डब्लिन स्क्वेअरवर गाण्याचे कार्यक्रम होतात. शेअर रिक्षाने बीकेसी गाठलं तर थाट आणखी वेगळा. एमएमआरडीए मैदानावर नोव्हेंबर २०१६ मध्ये कोल्डप्ले गाऊन गेलं, आणि ३१ मार्च २०२३ रोजी सुरू झालेल्या अंबानींच्या कल्चरल सेंटरमधलं मोठं थिएटर दोन हजार आसनांचं आहे.

बघायची सोय झाली. करायची कुठे आहे?

महापालिकेची नावाजलेली नाट्यगृहं विलेपार्ल्यात, बोरिवलीत, मुलुंडमध्ये, भायखळ्यात. कुर्ल्याच्या वाट्याला एकही नाही. यावर ठरलेलं उत्तर मिळतं: दादर तिसरं तर स्टेशन, शिवाजी मंदिर आहे की! प्रेक्षकाला ते पटेल. पण नेहरूनगरच्या दहा पोरांना एकांकिका बसवायची असेल, एखाद्या शाहिराला किंवा कव्वालाला दीडशे माणसांपुढे नवं काही आजमावायचं असेल, तर शिवाजी मंदिरचं भाडं कोण भरणार? आणि दोन हजार खुर्च्यांसमोर पहिलाच प्रयोग कोण करतो?

याला फार मोठी इमारत लागत नाही. दादरच्या छबिलदास शाळेचं सभागृह ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेला १९७४ पासून मिळालं आणि मराठी प्रायोगिक रंगभूमीची एक अख्खी पिढी तिथे घडली. होती ती शाळाच. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ पासून गिरणगावातल्या कामगार रंगभूमीचं हक्काचं घर होतं. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा रंगकर्मी का चिडले, हे त्यामुळे कळतं.

कुर्ल्यातही पालिकेच्या शाळा आहेत आणि संध्याकाळनंतर त्यांना कुलूप असतं. त्यातलं एक सभागृह द्या. काळे पडदे, सात-आठ दिवे, एक डिमर आणि खडखड न करणारे पंखे, बस. भाडं तीन तासांचं आणि खिशाला झेपेल असं. वॉचमनचा पगार, साफसफाई, वीजबिल हे प्रश्न खरे आहेत, पण एवढी मोठी महापालिका त्यांनी घाबरून जावी असे नाहीत. रात्री दहाच्या नियमाचं कारणही इथे पुढे करू नये. तो उघड्यावरच्या लाउडस्पीकरसाठी आहे, बंद खोलीतल्या संवादांसाठी नाही.

तोवर तालमी गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागून एन्ट्री, कपडे वाळत घालायच्या दोरीखालून एक्झिट. साडेनऊला खालच्या मजल्यावरच्या काकू वर येतात, “अरे, हळू बोला, बाळ झोपलंय!” मग रडण्याचा, भांडणाचा, खुनाचा प्रवेशही कुजबुजत बसवला जातो. महिनाभराने स्पर्धेच्या दिवशी हीच पोरं खऱ्या रंगमंचावर उभी राहतात आणि परीक्षक गुणपत्रिकेवर शेरा लिहितात: आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही.