बिघडलेल्या बिस्किटांना गुण किती?



गेल्या मे महिन्यात आमच्या बडनेऱ्याच्या घरी एक प्रयोग साफ फसला. नववीची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या माझ्या मुलीने ‘रेड व्हेल्व्हेट कुकीज’ करण्याचा घाट घातला होता. हा प्रकार मूळ अमेरिकेतला. कोको घातलेली, तांबड्या रंगाची, बोटभर जाड, आतून केकसारखी मऊ आणि वर पांढऱ्या फ्रॉस्टिंगचा थर दिलेली अशी ही बिस्किटे असतात. मुलीने मोबाइलवर कृती पाहिली, वहीत उतरवून घेतली आणि वाटीने साहित्य मोजले. पंधरा मिनिटांनी ओव्हनमधून ट्रे बाहेर काढला, तेव्हा बारा बिस्किटांच्या जागी एकच पातळ पोळी पसरलेली होती. तिचा रंगही लाल नव्हता, ओल्या मातीसारखा होता. “बाबा, माझ्या हातालाच चव नाही,” असे म्हणून तिने तो ट्रे केराच्या टोपलीकडे नेला.

मी तो परत मागून घेतला. त्या ट्रेविषयी आणि त्यावरून बनलेल्या माझ्या एका मताविषयी मी आज लिहिणार आहे.

कृतीतील पहिलेच वाक्य असे होते : ‘लोणी रूम टेंपरेचरला असावे.’ आता रूम म्हणजे कोणाची खोली? ही कृती जिथे लिहिली गेली तिथल्या घरात तापमान २० ते २२ अंश सेल्सिअस असते. तेवढ्या तापमानाला लोणी बोटाने दाबले तर दबते, पण वाहत नाही. लोण्यातील चरबी ३२ ते ३५ अंशांपर्यंत जवळजवळ सगळी वितळते. त्या दुपारी आमच्या स्वयंपाकघरातील भिंतीवरचा तापमापक ३९ अंश दाखवीत होता. म्हणजे बिस्किटे ओव्हनमध्ये जाण्यापूर्वीच त्यांचा सांगाडा वितळलेला होता. वऱ्हाडातील मे महिना हाताच्या चवीला जुमानत नाही, हे मुलीला कोणी सांगितले नव्हते आणि कृतीत तर ते मुळीच लिहिलेले नव्हते.

बिस्कीट जाड राहणार की पसरणार, हे दोन क्रियांच्या शर्यतीवर ठरते. उष्णता लागताच चरबी वितळते, साखर विरघळते आणि गोळा स्वतःच्या वजनाने पसरू लागतो. दुसरीकडे मैद्यातील स्टार्च पाणी शोषून फुगतो, अंडे घातले असेल तर त्यातील प्रथिने गोठतात आणि गोळा घट्ट होऊ लागतो. घट्ट होण्याची क्रिया आधी पुरी झाली तर बिस्कीट जाड राहते आणि पसरण्याची झाली तर पोळी होते. यावर उपाय साधा आहे. गोळा आधी थंड करावा, म्हणजे चरबी वितळायला वेळ लागतो आणि तोपर्यंत कडा घट्ट होऊ लागतात.

हे मुलीला नुसते सांगून भागले नसते. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही एकच मिश्रण केले आणि त्याचे प्रत्येकी ४० ग्रॅमचे गोळे काट्यावर तोलून घेतले. निम्मे लगेच भाजले, निम्मे तासभर फ्रीजमध्ये ठेवून मग भाजले. ओव्हन तोच, ट्रे तोच, वेळही तीच. बदलली ती फक्त एक गोष्ट. नंतर फूटपट्टी घेऊन मोजले. न थंडावलेली बिस्किटे साधारण ९५ मिलिमीटर रुंद व ९ मिलिमीटर जाड भरली. थंडावलेली ७० मिलिमीटर रुंद व १५ मिलिमीटर जाड झाली. शिवाय जाड बिस्किटे आतून मऊ निघाली. त्याचेही कारण आहे. उष्णता वहनाने आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. त्यामुळे कडा भाजून होतात तरी मधला भाग मागे राहतो आणि त्यातील पाणी पुरते उडून जात नाही. हाच हिशेब बटाटा उकडताना लागू पडतो. म्हणून तर आपण मोठा बटाटा चिरून कुकरात टाकतो.

आता रंगाचे पाहू. ओव्हनमध्ये बिस्कीट फुगावे म्हणून अर्धा चमचा, म्हणजे अंदाजे अडीच ग्रॅम, खाण्याचा सोडा घातला होता. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. त्याला ताक, लिंबू किंवा व्हिनेगर यांतील आम्ल पुरेसे मिळाले, तर ८४ ग्रॅम सोड्यामागे एक मोल कार्बन डायऑक्साइड सुटतो. अडीच ग्रॅमला सुमारे पाऊण लिटर वायू झाला. आम्ल नसेल, तर सोड्याचे केवळ उष्णतेने विघटन होते, वायू निम्माच मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा उरतो. साबणासारखी चव आणि मातकट रंग यांचे मूळ तेथे होते. मुलीने ‘ताक नाही तर पाणी चालेल’ असे परस्पर ठरवले होते!

रेड व्हेल्व्हेटचा मूळ तांबूसपणा आम्लाशी जोडलेला आहे. साध्या कोकोत अँथोसायनिन नावाचे थोडे रंगद्रव्य असते आणि ते ताक-व्हिनेगरच्या संगतीत तांबूस छटा देते. कोको अल्कलीने संस्कारित केलेला असला, तर तो काळपट होतो आणि ही छटा नाहीशी होते. मात्र आज दुकानात जो भडक लाल रंग दिसतो, तो या छटेचा नसून बाटलीतला असतो.

मुलीने विचारले, “बाबा, बाटली आणू का?” मी म्हटले, आधी घरात काय आहे ते पाहू. आपल्या वऱ्हाडात लाल अंबाडी असते. हिवाळ्यात तिची मांसल लाल निदले वाळवून ठेवलेली होती. त्यांच्यातही अँथोसायनिनच असते. कढत पाण्यात भिजवून अर्क काढला आणि तो तीन वाट्यांत ओतला. एका वाटीत लिंबू पिळले, एकीत काही नाही, एकीत चिमूटभर सोडा. लिंबाच्या वाटीत माणकासारखा लाल रंग राहिला. सोड्याच्या वाटीत रंग निळसर होऊन पुढे हिरवटाकडे झुकला. हा घरगुती दर्शक झाला. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, हे तुम्ही पाहिले आहेच. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेही याच जातीचे रसायनशास्त्र. फरक एवढाच की हळद अल्कलीत लाल होते आणि अंबाडी आम्लात. बीटचा किसही वापरून पाहिला. बीटमधील रंगद्रव्य वेगळ्या कुळातले असते, पण उष्णता आणि अल्कली त्यालाही मानवत नाहीत. भाजल्यावर ते तपकिरी पडले.

शेवटी अंबाडी, ताक आणि लिंबू घालून जी बिस्किटे झाली, त्यांचा रंग फिकट विटेसारखा होता. चित्रातल्या लालीच्या जवळपासही तो गेला नाही. माझे मत असे की तो तसाच असू द्यावा. आपल्याकडे काही कृत्रिम रंगांना मर्यादित प्रमाणात परवानगी आहे हे खरे. पण बिनलेबलाच्या पुडीत काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडू सरकारने ‘म्हातारीच्या केसां’च्या विक्रीवर बंदी घातली, कारण त्यांत ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग सापडला होता. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानेही अशा रंगांविरुद्ध पाऊल उचलले. अमेरिकेने २०२५ च्या जानेवारीत एरिथ्रोसिन या लाल रंगाची खाद्यपदार्थांतील परवानगी मागे घेतली. पदार्थ किती लाल असला पाहिजे हे आपल्याला कोणी शिकवले, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

फ्रॉस्टिंगसाठी कृतीत क्रीम चीज होते. आम्ही दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये टांगले आणि चक्का केला. त्यात पिठीसाखर घातली की तो सैल होतो, कारण साखर चक्क्यात उरलेल्या पाण्यात विरघळून त्याचा पाक होतो. श्रीखंड करणाऱ्या प्रत्येक घरात हे ठाऊक असते. म्हणून साखर बेताने घातली, चक्का गार ठेवला आणि बिस्किटे पुरती निवल्यावरच वर लावला.

ज्यांच्या घरी ओव्हन नाही, त्यांनी हिरमुसू नये. कुकरच्या तळाशी मिठाचा जाड थर देऊन, शिटी व रबरी कडे काढून टाकून, पाणी न घालता, घरातील मोठ्यांच्या देखरेखीखाली हे करता येते. ओव्हन असला तरी तो रोज सारखा तापत नाही. विद्युतदाब २३० व्होल्टवरून २०० व्होल्टवर उतरला, तर उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटते. आमच्या जुन्या वस्तीत दिवाळीपूर्वी मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात घालून नानकटाई भाजून आणायला लोक भट्टीवर जातात. तेथील एका वृद्ध कारागिराला मी भट्टीचे तापमान विचारले, तेव्हा तो म्हणाला, “सर, भट्टी काही रोज येकसारखी नसते. अगुदर दोन नानकटाया टाकून पायतो, मंग ट्रे घालतो.” त्याच्याजवळ तापमापक नाही, पण मोठ्या घाण्यापूर्वी छोटी चाचणी घेण्याची पद्धत आहे. ही शास्त्रीय पद्धतच आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो आणि येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका महाविद्यालयात साध्या लंबकाचा प्रयोग तपासत होतो. वर्गातील बहुतेक वह्यांत गुरुत्वत्वरणाचे उत्तर ९.८ च्या आसपास होते. एका विद्यार्थ्याचे उत्तर मात्र ९.४२ आले होते. मी त्याचे गुण कापले. पुढच्या प्रयोगात त्याचे उत्तर अगदी पुस्तकातले आले आणि मी त्याला शाबासकी दिली. पुष्कळ दिवसांनी त्याची जुनी वही हाती लागली, तेव्हा ध्यानात आले की त्याने लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता फक्त दोऱ्याची मोजली होती. ४० सेंटिमीटरच्या लंबकात दीड सेंटिमीटर सुटले, की ९.७९ ऐवजी ९.४२ च यायचे. म्हणजे त्याचे वेळेचे वाचन अचूक होते आणि त्याने ते प्रामाणिकपणे लिहिले होते. चूक शोधायला त्याच्याबरोबर पाच मिनिटे बसायचे, ते न करता मी त्याला वाचने जुळवायला शिकवले. ज्यांनी कदाचित लंबक नीट हलवलाही नव्हता, त्यांना मात्र पूर्ण गुण दिले.

ती पोळी झालेली बिस्किटे टोपलीत टाकायला निघालेली मुलगी आणि तो विद्यार्थी, दोघांनाही आपण एकच गोष्ट शिकवली आहे. ती अशी, की उत्तर बिघडले तर लपवावे. स्वयंपाकघराचा मोठा गुण असा की तेथे लपवता येत नाही. पसरलेले बिस्कीट वहीत जाड करून लिहिता येईल, पण खाणाऱ्याला ते कळतेच. म्हणून स्वयंपाकघराला प्रयोगशाळेचा मान द्यावा, असे मी म्हणतो; मग प्रयोग करणारी मुलगी असो वा मुलगा.

काही शिक्षक बंधुभगिनी म्हणतील, यासाठी वेळ कुठे आहे? आणि स्वयंपाकघरातील मोजमाप ते काय! आक्षेप अगदीच चुकीचा नाही. सैल भरलेली आणि दाबून भरलेली मैद्याची वाटी यांच्या वजनात बराच फरक पडतो. पण त्याला उत्तर आहे. वाटीऐवजी काटा वापरावा. स्वयंपाकघर शाळेच्या प्रयोगशाळेची जागा घेणार नाही आणि बंद प्रयोगशाळेला ते निमित्तही होऊ नये. मात्र सत्रात एखादा प्रयोग घरचा द्यावा, त्यात एकाच वेळी एकच गोष्ट बदलण्याची अट घालावी आणि निम्मे गुण ‘काय बिघडले व ते का बिघडले असावे’ या परिच्छेदाला ठेवावेत. बरोबर आलेल्या उत्तराचे कारण सांगता आले नाही, तर ते गुण देऊ नयेत. मी माझ्या वर्गात हे सुरू केले आहे. पहिल्या वर्षी मुलांचा विश्वास बसला नाही. ती बिघडलेले वाचन खोडून आणीत. आता खोडाखोड कमी झाली आहे.

मुलीच्या वहीत त्या पहिल्या ट्रेचीही नोंद आहे. तारीख, वेळ, स्वयंपाकघराचे तापमान ३९ अंश, लोणी वितळलेले, ताकाऐवजी पाणी, परिणाम : एक पोळी. तिच्याखाली चार ट्रेंच्या नोंदी आहेत. पाचव्या ट्रेतील बिस्किटे शेजारच्या काकूंकडे पाठवली. त्यांनी खाल्ली आणि रंग असा का, असे विचारले. मुलीने त्यांना अंबाडीच्या तीन वाट्या करून दाखवल्या.