पुढची सीट

मराठी शिकवणाऱ्या माणसाने हातात पाना घेऊ नये, असे आमच्या घरी सर्वानुमते ठरलेले आहे. मिक्सर दुरुस्त करायला घेऊन मी शेवटी नवाच आणला होता, तेव्हापासून हा ठराव अमलात आहे. तरीही गेल्या वर्षी नवरात्र संपता संपता मी बाजारात जाऊन पान्यांचा एक चांगला संच विकत घेतला. सौ.ने तो पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "आता काय मोडायचंय?"

मोडायचे काही नव्हते. मोडले होते ते आधीच. श्रावणात आईचा पाय न्हाणीघरात घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. वय अठ्ठ्याहत्तर. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण घरात चाकाची खुर्ची आली आणि ती राहिली. आई मूळची वाईची. कधी काही मागणे हा तिचा स्वभाव नव्हे, पण दसऱ्याच्या दिवशी ती म्हणाली, "या दिवाळीला मला एकदा वाईला ने. घाटावर एक पणती लावीन आणि परत येईन." पुण्याहून वाई म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. पण खुर्चीतल्या माणसाला मोटारीत बसवायचे कसे, हा प्रश्न आमच्यापुढे डोंगराएवढा उभा राहिला.

तो आमच्या धाकट्या मेव्हण्यांनी चहाचा कप खाली ठेवायच्या आत सोडवला. "त्यात काय भावोजी! पुढची डावी सीट काढून टाका. चार बोल्ट असतात. मोकळ्या जागेत आईंना खुर्चीसकट ठेवा. उचलायला नको, उतरवायला नको." आमच्या मेव्हण्यांचे सगळे उपाय असेच असतात, ऐकताना इतके सोपे वाटतात की आपल्याला ते सुचले नाहीत याचीच लाज वाटावी.

रविवारी सकाळी मी संच घेऊन गाडीपाशी गेलो. चार बोल्ट खरोखरच होते. पहिल्याला पाना लावलाही. तेवढ्यात सीटखाली डोकावलो तर पिवळ्या वेष्टणातल्या तारांचा एक जुडगा दिसला. इतर तारा काळ्या, ही एकटीच पिवळी. वाङ्मयात ज्याला सूचक म्हणतात, तसे मला ते काही तरी वाटले. मी पाना खाली ठेवला आणि आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्रींनी वाकून पाहिले आणि मला हाताला धरून दोन पावले मागे नेले. "सर, गाडीत पिवळी तार दिसली की आपण हात मागे घ्यायचा. ती एअरबॅगची."

मग त्यांनी मला पाऊण तास शिकवले. एवढा लक्ष देणारा विद्यार्थी मी माझ्या वर्गात कधी पाहिलेला नाही. आमच्या गाडीत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच बसवलेली आहे. ती फुगते ती लहानशा स्फोटाने. अशी सीट काढायची तर आधी किल्ली बंद करून बॅटरीची तार सोडवायची, आणि लगेच हात घालायचा नाही. कारखान्याच्या पुस्तकात जितकी मिनिटे लिहिली असतील तितकी थांबायचे. कारण बॅटरी सुटली तरी त्या यंत्रणेत थोडी वीज साठून राहते. मग पिवळी जोडणी सोडवायची. सीट बाहेर असताना चुकून किल्ली फिरवली, तर समोरचा एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो बहुधा गॅरेजमधल्या यंत्रानेच विझवावा लागतो. परत बसवतानाही बोल्ट 'अंदाजाने घट्ट' चालत नाहीत. ते किती ताकदीने आवळायचे याचे माप ठरलेले असते आणि ते माप दाखवणारा पाना वेगळाच असतो. माझ्या नव्या संचात तो नव्हता.

"पण समजा मी हे सगळं नीट केलं," मी म्हणालो.

"सीट निघेल हो सर," मिस्त्री म्हणाले, "पण पट्ट्याचं कुलूप सीटलाच आहे, तेही तिच्याबरोबर जाईल. मग आजींना बांधणार कशाला?"

हा प्रश्न मेव्हण्यांच्या योजनेत नव्हता. मी घरी येऊन कागदावर गणित मांडले. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतल्या न बांधलेल्या माणसाला बसणारा धक्का सुमारे १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. आईची खुर्ची सतरा किलोची. ती घरातल्या फरशीवर ढकलण्यासाठी केलेली. तिचे ब्रेक चाकाला धरतात, गाडीच्या जमिनीला नव्हे. चालत्या वाहनात माणसाला बसता येईल अशा चाकाच्या खुर्च्या निराळ्या असतात. त्यांच्यासाठी आयएसओ ७१७६ या आंतरराष्ट्रीय मानकाचा १९ वा भाग आहे, आणि खुर्ची चारही कोपऱ्यांतून जमिनीला जखडण्याच्या पट्ट्यांसाठी आयएसओ १०५४२ हे दुसरे. खुर्ची निराळी बांधायची आणि माणूस निराळा बांधायचा, हा त्यातला पहिला धडा.

शिवाय टेपने मापे घेतली तेव्हा मला माझेच हसू आले. खुर्चीत बसलेल्या आईचे डोके जमिनीपासून सव्वाचार फुटांवर. गाडीची जमीन रस्त्यापासून फूटभर उंच. म्हणजे छत निदान साडेपाच फुटांवर हवे. आमची गाडी टपासकट पाच फूट! चार बोल्ट काढण्याआधी ही बेरीज करावी, हे एका मराठीच्या प्राध्यापकाला आणि एका वाणिज्य पदवीधर मेव्हण्यांना सुचले नव्हते.

राहता राहिला कायदा. आमच्या महाविद्यालयात विधी विभागाचे एक सहकारी आहेत. मधल्या सुट्टीत त्यांना गाठले. त्यांनी विचारले, "तुमच्या नोंदणीपत्रावर आसनसंख्या काय लिहिली आहे?" मी म्हणालो, "पाच." ते म्हणाले, "मग गाडीत पाच आसने हवीत." १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीपत्रातला तपशील आणि कारखान्याने मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात हीच गोष्ट स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवता असा बदल केला आणि अपघात झाला, तर भरपाईच्या वेळी वाद उभा राहतो तो वेगळाच.

मी जरा चिडूनच म्हणालो, "म्हणजे अपंग माणसाने घरातच बसायचं?"

"कलम पुरतं वाचा," ते म्हणाले. त्याच ५२ व्या कलमात एक वाट ठेवलेली आहे. शारीरिक व्यंग असलेल्या माणसासाठी, आणि केवळ त्याच्याच वापरासाठी, वाहनात बदल करून ते 'अनुकूलित वाहन' करता येते. मात्र केंद्र सरकारने घातलेल्या अटी पाळाव्या लागतात आणि नोंदणी अधिकाऱ्याची, म्हणजे आरटीओची, मंजुरी घ्यावी लागते. ज्यांच्या घरी हा प्रश्न कायमचा आहे, त्यांनी तीच वाट धरावी. पण आमची तीच गाडी मुलांना शाळेत नेते, मला कॉलेजात नेते आणि रविवारी भाजी आणते. ती केवळ आईची कशी म्हणावी?

काही गाड्यांच्या सीटा मुळातच काढण्यासाठी केलेल्या असतात, हेही मला याच निमित्ताने कळले. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सिट्रोएन टू-सीव्हीच्या सीटा फ्रेंच लोक बाहेर काढून सहलीला गवतावर मांडून बसत. १९८४ च्या रेनो एस्पासच्या मागच्या सीटा एकेक करून निघत. आपल्याकडे २०१९ मध्ये आलेल्या रेनो ट्रायबरची तिसरी रांग मालकाने काढावी अशीच बनवलेली होती. कारखान्याने ज्यासाठी खटका दिला आहे ते पुस्तकात पाहून काढावे. ज्यासाठी बोल्ट दिला आहे ते राहू द्यावे, असा साधा नियम मी माझ्यापुरता केला आहे.

हे सगळे मी त्या रात्री जेवताना मोठ्या अभ्यासूपणे सांगत होतो. आई शेजारच्या खोलीत जपमाळ ओढत होती. तिथूनच तिने विचारले, "कोणती सीट काढायची म्हणतोस?"

"पुढची, आई. डावीकडची. पण आता नाही काढत."

"आणि काढली असतीस तर मी तिथे खुर्चीसकट? गव्हाचं पोतं ठेवतात तशी?"

मी काहीच बोललो नाही.

"लग्न होऊन आले तेव्हा पुढे मामंजी बसायचे," आई म्हणाली. "मग तू गाडी चालवायला लागलास, तर पुढे हे. मी आपली मागे, डबे आणि पिशव्या धरून. या घरात इतकी वर्षं काढली, पण पुढच्या काचेतून रस्ता कसा दिसतो ते मला ठाऊक नाही. आता कुठे ती जागा मोकळी झाली, तर तू तीच उपटून टाकायला निघालास होय रे?"

वडिलांना जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. एवढ्या सगळ्या चौकशीत मी मिस्त्रींना विचारले, वकिलांना विचारले, टेपला विचारले. जिच्यासाठी हा खटाटोप, तिला मात्र विचारले नव्हते.

पुढचे सगळे आईच्या व्यायामाच्या बाईंनी शिकवले, आणि त्याला एकही पाना लागला नाही. सीट पार मागे सरकवायची, पाठ थोडी कलती करायची. चाकाची खुर्ची दाराशी तिरपी लावून ब्रेक घालायचे. आधी बैठक, मग पाय: माणसाने सीटकडे पाठ करून प्रथम बसायचे आणि मग दोन्ही पाय जुळवून एकदम आत घ्यायचे. वळणे सोपे जावे म्हणून सीटवर एक गुळगुळीत कापड घालायचे आणि बसून झाल्यावर ते आठवणीने काढायचे. निघण्यापूर्वी पाठ पुन्हा सरळ करायची. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर नको, कंबरेच्या हाडावर हवा. मागची अर्धी सीट कारखान्याने दिलेल्या खटक्याने दुमडली, तिथे चाकाची खुर्ची घडी करून दोरीने पक्की बांधली. आठ दिवस आम्ही इमारतीच्या आवारात तालीम केली. मेव्हणे रोज येऊन दार धरून उभे राहत. त्यांचे मन मोठे आहे, हे इथे नमूद केलेच पाहिजे.

नरकचतुर्दशीला आम्ही निघालो. दर तासाला थांबलो. खंबाटकी चढताना आई दोन्ही हात मांडीवर ठेवून समोर बघत होती. वाईत घाटावर पायऱ्यांपर्यंत खुर्ची नेली. ढोल्या गणपतीकडे तोंड करून तिने पणती लावली, वारा होता म्हणून ओंजळीचा आडोसा धरला. परतताना फक्त एवढेच म्हणाली, "पुढून रस्ता फार मोठा दिसतो रे."

यंदाही जायचे ठरले आहे. परवा धाकटी सवयीने पुढचे दार उघडायला गेली, थबकली आणि मागे जाऊन बसली. "ती आजीची जागा आहे," म्हणाली. आजी तेव्हा घरी होती, पण मी काही बोललो नाही. पान्यांचा संच मात्र अजून कोरा आहे. कोणाला हवा असल्यास सौ. तो आनंदाने देईल.